टोपलीची नाव व पुलाची नाव

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि समोरच्या तीरावरील निघोज या दोन गावांमधून कुकडी नदी वाहते. तेथे पात्रातील काळ्या कातळास मोठमोठे रांजणखळगे पडलेले आहेत. ते कोणी खोदलेले नाहीत. पुराबरोबर वाहत आलेले गोटे भोवऱ्यात सापडून शतकानुशतके गरगरत राहिले आणि त्यांनी खडक कोरीत नेला. उन्हाळ्यात हे कुंड पाहावयास जाणाऱ्यास नदीचा फारसा धाक वाटत नाही. परंतु ज्या पाण्याने दगडाकडून दगड कोरून घेतला, त्या पाण्यावर लाकडी नाव घालावयाची झाल्यास तिची गत काय होईल, हा विचार मनात आला म्हणजे कुंडाचे रूप पालटते. कुकडी पुढे घोडनदीस मिळते. शिरूर गावास लोक आजही घोडनदीच म्हणतात, ती हीच नदी. ती पुढे भीमेत शिरते, व भीमा दौंडावरून खाली पंढरीच्या वाटेला लागते.

या नद्यांचा स्वभाव एकच आहे. वर्षातील आठ महिने त्यांस उतार असतात. माणूस गुडघाभर पाण्यातून पलीकडे जातो, बैलगाडी जाते, घोडेस्वारास तर रिकीब भिजण्याचेही भय नसते. मृगाचा पाऊस सह्याद्रीवर कोसळू लागला की त्याच नद्या एका रात्रीत कित्येक हात चढतात. दौंडाकडे आभाळ कोरडे असावे, आणि वरच्या मावळातील पाण्याने भीमा दुथडी भरून जावी, हा प्रकार तिकडील लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. अशा वेळी पलीकडे जाण्याची साधने बेताचीच. वाळलेल्या भोपळ्यांची किंवा ओंडक्यांची सांगड. एकाच खोडाची कोरलेली डोण. मोठ्या वाटेवर तरीची नाव. नावाडी पाण्याचा रंग पाहून हो किंवा नाही म्हणे, आणि नाही म्हणाला तर सावकारानेही धर्मशाळेत पथारी टाकावी.

मराठी राज्याचे वर्ष या नद्यांनी आखून दिलेले होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. दसऱ्यास सीमोल्लंघन व्हावे, फौजा मुलूखगिरीस निघाव्या, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी परत फिरावे किंवा परमुलखात छावणी करावी. दसऱ्यापर्यंत नद्या उतरलेल्या असत, रानात वैरण असे, आणि स्वाराला साऱ्या दख्खनभर मोकळी वाट मिळे. पावसाळ्यात शत्रूही येऊ शकत नाही हे गृहीत होते. नद्या म्हणजे चार महिन्यांचा तटच. पण या तटास फौजेने आपल्यासाठी दरवाजा मात्र कधी ठेवला नाही. त्याचा पहिला मोठा दंड १७६० साली उत्तरेत भरावा लागला. सदाशिवरावभाऊ गोविंदपंत बुंदेल्यांस यमुनेवर नावा जमविण्याविषयी लिहीत होते. नावा वेळेवर जमल्या नाहीत, यमुना चढली, आणि भाऊंना अलीकडच्या तीरावर राहून दिल्लीची वाट धरावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून आला. त्यापुढील कथा सांगण्याचे कारण नाही.

चाळीस वर्षांनंतर हाच प्रश्न एका परकी सेनापतीने हाती घेतला. आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आला, तो १८०० साली धोंडिया वाघाच्या पाठीवर कर्नाटकात हिंडत होता. वरदा, मलप्रभा, घटप्रभा या नद्या त्याने भर पावसाळ्यात पाहिल्या व उतरल्या. सप्टेंबरात धोंडिया मारला गेला. त्यानंतर वेलस्लीने मराठ्यांच्या मुलखातील युद्धाविषयी एक टिपण लिहिले. त्यातील मुख्य विचार असा की, मराठ्यांशी लढावयाचे ते पावसाळ्यात. त्यांचे बळ घोड्याच्या चालीत आहे. कोरड्या ऋतूत प्रत्येक नदी त्यांची वाट असते. नद्या भरल्या म्हणजे तीच वाट बंद होते, कारण त्यांच्या फौजेबरोबर नावा नसतात. ज्याच्याजवळ नावा असतील त्याच्या मागे नदी तट होऊन उभी राहील, आणि पुढे असेल तर तो ती उतरून जाईल. दसऱ्याचे पंचांग उलटे वाचणारा हा पहिलाच शत्रू होता.

आता नाव कोणती, हा प्रश्न आला. त्याच्यापुढे दोन प्रकार होते.

पहिली पुलाची नाव, म्हणजे युरोपातील फौजांचे पाँटून. लांबट, सपाट तळाची, पेटीसारखी ही नाव मुळी एकटीने वाहतूक करण्यासाठी नसतेच. अशा अनेक नावा नदीत ओळीने नांगरावयाच्या, त्यांवर तुळया व फळ्या टाकावयाच्या, की तरता पूल तयार होतो. त्यावरून पलटणी, तोफा, धान्याचे बैल, बाजारबुणगे, सारे एकामागून एक निघून जाते. फौजेस दोन तीरांवर विभागून राहावे लागत नाही. सेनापतीच्या दृष्टीने हा गुण अमोल आहे, कारण अर्धी फौज पलीकडे आणि अर्धी अलीकडे असण्याचा समय हाच सर्वांत घातक. पण प्रत्येक नावेस स्वतंत्र गाडी लागते, गाडीस बैल लागतात, बैलांस रस्ता लागतो. शिवाय कातळाच्या पात्रात नांगर धरत नाही. आणि एका रात्रीत पाणी चढले, वाहून आलेली झाडे नावांवर येऊन आदळली, की बांधलेला पूल सांभाळणे हीच एक लढाई होऊन बसते.

दुसरी टोपलीची नाव. तुंगभद्रा व कृष्णा यांच्या काठी तिला हरिगोल म्हणतात. बांबूच्या कामट्यांची मोठी गोल परडी विणावयाची, तिला बाहेरून बैलाचे कातडे शिवून बसवावयाचे, तेल चोपडावयाचे, झाली नाव. तिला पुढचा भाग नाही, मागचाही नाही. १५२० च्या सुमारास विजयनगरास आलेल्या दोमिंगुश पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवर या नावा पाहिल्या होत्या. पंधरा-वीस माणसे त्यांत बसत, प्रसंगी घोडे व बैलही नेता येत; पण त्या सरळ जाऊ शकत नसल्यामुळे सारख्या गरगर फिरत असतात, हे त्याच्या डोळ्यांत विशेष भरले. पुढे सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा जवाहिऱ्या गोवळकोंड्याच्या मुलखात हिंडला, त्यानेही अशाच चामडी टोपल्यांतून आपले सामान नदीपार नेले. माल भिजू नये म्हणून तळाशी काटक्यांच्या मोळ्या घालीत, ही बारीक नोंद त्याने केली आहे. व्यापाऱ्याची दृष्टी ती. हैदर अलीच्या फौजेबरोबर अशा नावा बाळगल्या जात. मराठ्यांच्या फौजाही कर्नाटकच्या मोहिमांत त्यांतून उतरत असत. म्हणजे ही वस्तू कोणास अपरिचित नव्हती.

या नावेचे दोष उघड आहेत. ती गिरक्या घेते; वल्ही मारणारा कसबी नसला तर प्रवाह तिला कोस-अर्धा कोस खाली नेतो. एका खेपेस थोडीच माणसे जातात, तोफ न्यावयाची तर गाडा सुटा करावा लागतो. कातडे भिजून राहिले तर कुजते, म्हणून प्रत्येक दिवशी ती पालथी घालून सुकविली पाहिजे. पण जेथे पाण्याखाली खडक आहेत तेथे याच नावेचे गुण दिसू लागतात. ती पाण्यात जेमतेम वीतभर बुडते. खडकास लागली तर कामट्या लवतात व ती निसटते. फळ्यांच्या नावेसारखी फुटत नाही. कातडे फाटले तर मोची टाका घालतो. मोडली तर नवी करण्यास गोदी लागत नाही, बुरूड पुरतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, तिची परडी माणसांच्या डोक्यावरून जाते व कातडी बैलाच्या पाठीवरून. रस्ता असो वा नसो.

सांगाडा हलका आणि त्यावर कातडे किंवा साल, ही युक्ती जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचलेली दिसते. बाबिलोनला येणाऱ्या गोल चामडी नावांचे वर्णन हिरोडोटसाने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात केले आहे. व्यापारी वरच्या मुलखातून माल घेऊन प्रवाहाबरोबर खाली येत, बरोबर नावेत एक गाढव असे. माल खपला की सांगाडाही विकून टाकीत, आणि कातडी गाढवावर लादून पायी परत जात. प्रवाहाविरुद्ध नाव नेण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा हा हिशेब फारच शहाणपणाचा होता! उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची कॅनू ही याच जातीची, मात्र लांबट व दोन्ही टोकांस निमुळती. देवदारासारख्या लाकडाचा सांगाडा, त्यावर भूर्जाची साल, मुळ्यांनी शिवलेली व राळेने सांधलेली. १६०३ साली शांप्लँ हा फ्रेंच प्रवासी सेंट लॉरेन्स नदीतून वर जात असता लाशीन येथील खळाळापाशी त्याची होडी अडली. फळ्यांची भरभक्कम होडी तेथे निरुपयोगी ठरली. रहिवाशांच्या कॅनू मात्र एक माणूस सहज उचलून खांद्यावरून नेत होता व खळाळ ओलांडून पुन्हा पाण्यात सोडीत होता. या देशात शिरावयाचे तर याच नावेने, हे शांप्लँने तेथेच ओळखले. बरोबर दोनशे वर्षांनी वेलस्ली दख्खनच्या नद्यांपुढे उभा राहिला.

आजही खळाळत्या डोंगरी नद्यांत क्रीडेसाठी कॅनू चालविणारे लोक ती विकत घेण्यापूर्वी हाच वाद घालतात. एकाच कॅनूचे दोन नमुने पुढे ठेवलेले असतात. एकाचा तळ सरळ व लांब. तो नाकासमोर धावतो, पण खडक समोर आला असता चटकन वळत नाही. दुसऱ्याचा तळ दोन्ही टोकांस वर उचललेला, पाळण्यासारखा. तो हाताच्या इशाऱ्यासरशी वळतो, पण शांत पाण्यावर सरळ ठेवता ठेवता खांदे दुखून येतात. हरिगोल हा दुसऱ्या प्रकाराचा शेवटचा टोक आहे. ती पूर्ण वळण आहे, सरळपणा तिला ठाऊकच नाही.

वेलस्लीची थोरवी अशी की, त्याने आरंभी दोहोंपैकी एकास झिडकारले नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने वसईचा तह केला. मार्च १८०३ मध्ये वेलस्ली तुंगभद्रा उतरला आणि २० एप्रिल रोजी पुण्यात आला. म्हैसुराकडून येणारी रसद व टपाल पावसाळ्यात तुटू नये म्हणून वाटेवरील नद्यांवर टोपलीच्या नावा ठेवण्याची व्यवस्था त्याने केली. आणि पुढील मोहिमेसाठी मुंबई सरकाराकडे पाँटूनांची मागणी केली. मुंबईस गोदी होती, कसबी सुतार होते, तांबे-लोखंड होते. कागदावर पाहू गेल्यास ही नाव प्रत्येक बाबतीत सरस होती.

पण ती पाण्यापर्यंत पोचलीच पाहिजे, ही अट कागदावर नव्हती. त्या काळी बोरघाटातून चांगली सडक नव्हती. पाऊस सुरू झालेला, चिखल आसापर्यंत, आणि पाँटूनांच्या गाड्या कच्च्या लाकडाच्या असाव्या तशा वाटेतच मोडल्या. ठरल्या वेळी पूल सेनापतीच्या हाती आला नाही. गाडीचे चाक हाच त्या नावेचा खरा तळ होता, आणि तो जमिनीवरच फुटला.

४ जून १८०३ रोजी वेलस्ली पुण्याहून निघून अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) रोखाने गेला. भीमा व घोड या दोन्ही नद्या त्या वाटेवर आडव्या आहेत. ऑगस्टच्या आरंभी युद्ध जाहीर झाले. ८ ऑगस्टला नगरची पेठ पडली, १२ तारखेस किल्ला हाती आला. पुढे गोदावरी भरून वाहत होती, आणि जवळ पूल नव्हता. तेव्हा शिपायांनी रानातील झुडपे तोडून टोपल्या विणल्या, त्यांस बैलांची कातडी चढविली, आणि त्या गरगरणाऱ्या परड्यांतून फौज पलीकडे गेली. यास दिवस लागले. २४ ऑगस्टपर्यंत वेलस्ली पैलतीरी होता. पाँटूनांचा पूल असता तर हे काम कदाचित एका दिवसात झाले असते, हे मान्य केले पाहिजे. पण नसलेल्या पुलापेक्षा असलेली टोपली बरी. पुढे १८०९ साली पोर्तुगालात डौरो नदी फ्रेंचांच्या डोळ्यांदेखत उतरण्याचा प्रसंग आला, तेव्हाही त्याने आपल्या नावांची वाट पाहिली नाही. काठावर सापडलेल्या द्राक्षमद्य वाहणाऱ्या चार नावांतून शिपाई पलीकडे धाडले.

२३ सप्टेंबर रोजी असईच्या लढाईत तर नावच नव्हती. केळणा नदीच्या पलीकडे शिंदे व भोसले यांची फौज उभी होती, आणि वाटाडे सांगत होते की पुढे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तो नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे. ज्यांनी ही गावे वसविली त्यांचे एकमेकांकडे जाणेयेणे असलेच पाहिजे, म्हणून येथे उतार असला पाहिजे, असा तर्क त्याने केला, आणि तो खरा निघाला. नदीकाठच्या कोणत्याही कुणब्याने हेच सांगितले असते. पण कुणब्यास विचारण्याची पद्धत दोन्ही सैन्यांत नव्हती.

येथे एक गोष्ट मराठी वाचकाच्या मनास लागल्यावाचून राहत नाही. बुरूड आपले होते, कातडे कमावणारे आपले होते, नावाडी व कोळी आपले होते, नद्या तर आपल्याच. महादजी शिंद्यांनी द बॉयन्यास चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या, तोफा ओतविल्या. असईस त्या तोफांनी इंग्रजांची जी हानी केली ती वेलस्ली जन्मभर विसरला नाही. परदेशातून जे जे उत्तम ते विकत घेण्यास दरबार मागेपुढे पाहत नव्हता. फक्त घरच्या परडीचा विचार कोणाच्या मनात आला नाही, कारण पावसाळ्यात लढावयाचेच नाही असे ठरलेले होते, आणि ज्या ऋतूत लढावयाचे नाही त्या ऋतूची नाव कोण बाळगतो? नावांमुळेच राज्य गेले असे म्हणणे वेडेपणाचे होईल. आपसांतील दुही, यशवंतराव होळकर व दौलतराव शिंदे यांचे वैर, रिकामा खजिना, ही कारणे फार मोठी आहेत. तरीही चार महिन्यांचा तट शत्रूस वाट होऊन बसला, हे त्या पावसाळ्याचे सत्य उरतेच. त्या वर्षी पुढे पाऊसही लांबला, फौजांनी शेते तुडविलेली होतीच, आणि १८०३-०४ चा दुष्काळ या प्रांतावर कोसळला. घोड व भीमा यांच्या काठची माणसे त्यांत मेली. त्यांस दोन्ही नावा सारख्याच.

युद्धानंतर पेशव्यांच्या नावाने राहणाऱ्या इंग्रजी तैनाती फौजेचा तळ शिरूरला, घोडनदीच्या काठी पडला. जागा नकाशावर पाहिली म्हणजे हेतू कळतो. पुणे व नगर या दोहोंवर हात ठेवता येतो. याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली व सकाळी कोरेगावी भीमेच्या काठी पेशव्यांच्या फौजेसमोर आली. पण तो जानेवारी होता. भीमेस सर्वत्र उतार होता, आणि नावेचा प्रश्न उद्भवला नाही. नंतर सारेच झपाट्याने पालटले. १८५८ साली पुण्याहून आगगाडी दौंडावरून दिक्सळपर्यंत गेली, १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला व भीमेवरून गाड्या जाऊ लागल्या. विसाव्या शतकात घोड, कुकडी यांवर धरणे झाली. खाली उजनीचे पाणी दौंडाच्या बाजूस पसरले. खळाळ बहुतेक मुका झाला. टोपलीची नाव मात्र अजून वेषांतर करून भेटते. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे लोकांनी गुऱ्हाळातील काहिली पाण्यात सोडल्या आणि त्यांतून म्हाताऱ्याकोताऱ्यांस बाहेर काढले. तीच गोल, बिनटोकाची, गरगर फिरणारी नाव. कातड्याच्या जागी लोखंडाचा पत्रा.

शिरूरच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत कर्नल विल्यम वॉलेस याची समाधी आहे. १८०३ च्या पावसाळ्यात तो वेलस्लीबरोबर होता. नगरच्या तटावर चढलेल्या तुकड्यांपैकी एक त्याची, आणि असईसही एका तुकडीचे आधिपत्य त्याजकडे होते. तो शिरूर येथे १८०९ मध्ये वारला. गावकरी त्यास सत्पुरुष म्हणू लागले. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात अशी नोंद आहे की, शिरूर व आसपासच्या खेड्यांतील लोक त्याच्या थडग्याची पूजा करीत, आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा पहिला नैवेद्य तेथे आणून ठेवीत.